सावलीतलं काम

आग्रही : २०२५ साली दहावीला राज्यातल्या ९६.१४ टक्के मुली पास झाल्या आणि ९२.३१ टक्के मुलगे. दरवर्षी थोड्याफार फरकाने हेच असतं. निकालानंतरचा महिना मात्र मी पेणच्या शाळेत तीस वर्षं पाहिला आहे. गणितात नव्वदच्या वर गेलेली मुलगी दाखला न्यायला येते आणि सांगते, ‘आर्ट्सला घेतलंय सर, घराजवळ आहे.’ तिच्याच वर्गातला, गणितात जेमतेम निघालेला मुलगा कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला पनवेलला निघालेला असतो. पूर्वी फीचं कारण तरी होतं. जुलै २०२४ मध्ये सरकारने तेही काढून टाकलं. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आपल्याच जिल्ह्यात लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ पासून. आता कमी आहे ती फक्त घरोघर जाऊन ‘हिला कॉम्प्युटर सायन्सला घाला’ असं सांगणाऱ्याची. पेणपासून रोह्यापर्यंतच्या प्रत्येक शाळेत हे कुणीतरी दरवर्षी सांगायला हवं.

साशंक : सर, सांगणारा कुणी नाही हेच मला पटत नाही. मला तुम्ही सांगितलं होतंत. मी गेले, शिकले, ऐरोलीत नोकरी केली आणि आठव्या वर्षी सोडून रोह्याला आले. त्यामुळे माझी शंका बाहेरून घेतलेली नाही. मुली कॉम्प्युटरकडे जात नाहीत ही अडचण मुळात अमेरिकेची. तिथे १९८४ च्या सुमाराला संगणकशास्त्राच्या पदवीधरांत ३७ टक्के बायका होत्या, पुढे तो आकडा घसरत घसरत १८ पर्यंत आला. आपल्याकडे पदवीच्या वर्गात मुली चाळीस टक्क्यांच्या आगेमागे असतात. आपल्या आईबापांना मुलीसाठी कॉम्प्युटर मनापासून आवडतो. का आवडतो, ते माझ्या वडिलांनी एका शब्दात सांगितलं होतं : ‘सावलीतलं काम.’ सिव्हिल म्हणजे साइटवरचं ऊन आणि गडीमाणसं. केमिकल म्हणजे धाटावच्या एमआयडीसीतला वास आणि तीन पाळ्या. मेकॅनिकल म्हणजे हात काळे. कॉम्प्युटर म्हणजे पंख्याखाली, काचेच्या आत, बसून. मलेशियातही लोकांनी असाच विचार केला आणि तिथल्या विद्यापीठांत संगणकशास्त्राच्या वर्गात मुलींची संख्या निम्म्याच्या आसपास, कुठे कुठे त्याहून जास्त झाली. पण हा मुलीच्या बुद्धीवरचा विश्वास आहे, की तिला जपून ठेवायला सापडलेली नवी जागा? गिऱ्हाईक अमेरिकेत असतं. त्याची सकाळ म्हणजे आपली रात्र. ज्या दिवशी अकरापर्यंत थांबावं लागतं, त्या दिवशी सावली संपते. मग ज्या कारणाने पाठवलं होतं, त्याच कारणाने घरी बोलावतात.

आग्रही : कारण कोणतंही असो, मुलगी उंबऱ्याबाहेर तर पडली. आईबापांचं पहिलं कारण नेहमी भीतीचंच असतं, दुसरं कारण मुलगी स्वतः मिळवते. तरी तुझ्या बोलण्यातला एक भाग मी घेतो, कारण तो मलाही फार दिवस छळतो आहे. तू हमरापूर, जोह्याचे गणपतीचे कारखाने पाहिलेस. साच्यातून मूर्ती निघते, तिचे सांधे घासतात, रंग चढतो, दागिने रेखतात, शेवटी डोळ्यांची आखणी. बायकांचे हात लागले नाहीत तर पेणचा गणपती कारखान्याबाहेर पडणार नाही. पण नवं रूप मनात आणून, मातीत घडवून, त्याचा साचा काढणारा कारागीर वेगळा असतो आणि तो बहुतेक वेळा पुरुष असतो. त्याच्या एका साच्यातून पुढे शेकडो मूर्ती निघतात. आता तहसील कचेरीजवळचं सेतू केंद्र, ग्रामपंचायत, पतपेढीचं काउंटर आठव. तिथे कॉम्प्युटरपुढे मुलीच असतात. २००२ पासून एमएस-सीआयटीने आपल्या तालुक्यांत केवढं काम केलं! माउस धरायला घाबरणाऱ्या मुलींना तिने खुर्चीवर बसवलं. मी त्या कोर्सला कधी नावं ठेवणार नाही. पण त्या मुलीला आपण ‘ऑपरेटर’ म्हणतो, आणि तिच्यापुढचे रकाने दुसऱ्या कुणीतरी आखलेले असतात. आपल्या मुली रंगकामापर्यंत पोचल्या आहेत, मला त्या साच्यापर्यंत न्यायच्या आहेत. आणि ही जागा त्यांची नव्हेच असंही कुणी म्हणू नये. १९४५-४६ मध्ये अमेरिकेत एनिॲक हे प्रचंड यंत्र उभं राहिलं. त्याला गणित कसं करायचं ते समजावून देणाऱ्या पहिल्या सहा जणी बायका होत्या. तेव्हा ते काम कारकुनी समजलं जाई, म्हणून त्यांच्या वाट्याला आलं. पुढे त्या कामाला मान आला, पैसा आला, तशी पुरुषांची रीघ लागली. त्या सहा जणींची नावं पुढची कितीतरी वर्षं कुणाच्या तोंडी नव्हती.

साशंक : साच्याचं तुम्ही बरोबर धरलंत. पण साचा करायला शिकतात कसं? मोडून. कारागिराचा मुलगा लहानपणी किती माती वाया घालवतो, त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. अमेरिकेत १९८० नंतर घरगुती कॉम्प्युटर आले, ते मुलग्यांचं खेळणं म्हणून विकले गेले आणि मुलग्यांच्या खोलीत जाऊन बसले. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मुलगा पाच वर्षं मोडतोड करून आलेला आणि मुलगी कोरी. प्राध्यापकाला वाटायचं, हिला जमत नाही. आता आपलं बघा. घरात एक चांगला मोबाइल असतो, तो भावाकडे. तो त्यात काय वाटेल ते उघडतो, बिघडवतो, पुन्हा चालू करतो. मुलीच्या हातात फोन आला की ‘कुणाशी बोलतेस?’ क्लासमध्ये तिला कॉम्प्युटर मिळतो तासभर, तोही दोघींत एक. चुकायला वेळच नाही. माझ्या कॉलेजात मी असाइनमेंट वेळेवर द्यायचे, वही सुंदर, मार्क उत्तम. पण प्रोग्रॅम कोसळला की माझे हात गार पडायचे. शेजारचा मुलगा हसत हसत पुन्हा चालवून बघायचा. ते हसणं मला कधी जमलं नाही, सर. तुम्ही मुलींना शाबासकी देता ती नीटनेटकेपणाची, आणि ह्या विषयात तर आधी पसारा घालता यायला हवा.

आग्रही : हे मी मान्य करतो, आणि ह्यात माझीही चूक आहे. माझ्या वर्गात खाडाखोड केलेल्या वहीला मी कधी चांगला शेरा दिला नाही. पण बघ, तू सांगतेस ती अडचण सुटण्यासारखी आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली संगणकशास्त्राला येणाऱ्या मुली ७ टक्के होत्या, २००० साली त्या ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत मुलींचे मेंदू बदलले नाहीत. आधी घरी प्रोग्रॅमिंग केलेलं असण्याला प्रवेशात जे जादा वजन होतं, ते त्यांनी काढलं. नवख्यांना आणि सरावलेल्यांना पहिल्या वर्षी वेगवेगळ्या वर्गांतून चढवत नेलं. अभ्यास सोपा केला नाही, पायरी बांधली. पेणच्या शाळेत हे का होऊ नये? आठवीपासून आठवड्यातली एक दुपार मुलींच्या ताब्यात लॅब, आणि त्या दुपारी मार्क नाहीत. हंसाबेन मेहतांच्या समितीने १९६० नंतरच्या त्या वर्षांत ठामपणे सांगितलं होतं, की शाळेत मुलामुलींचा अभ्यासक्रम वेगळा असायचं कारण नाही. त्याच्या थोडं आधी, १९५८-५९ मध्ये, मुलींच्या शिक्षणाच्या राष्ट्रीय समितीच्या अध्यक्ष होत्या दुर्गाबाई देशमुख. म्हणजे ज्यांचं बालपण तुझ्या रोह्यात गेलं त्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी. पुस्तक एक झालं, तू म्हणतेस ती मोडायची मोकळीक मात्र अजून एक झालेली नाही. पण ती शाळेत देता येते.

साशंक : लॅबमधली दुपार द्याच. पण मुलगी लॅबमध्ये राहत नाही, ती रस्त्यावरून येते. तुमची फीमाफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षेची. खोलीचं भाडं, मेस, गाडीभाडं, लॅपटॉप हे सगळं बापाने आणायचं. मुलासाठी तो कर्ज काढतो. मुलीसाठी काढताना त्याला लग्नही दिसत असतं. शिकून झाल्यावर नोकरी कुठे? ऐरोली, महापे, घणसोली, नाहीतर हिंजवडी. मी पेणहून ऐरोलीला जायचे. एसटीने पनवेल, तिथून ठाण्याची लोकल. एका बाजूचे अडीच तास. पळस्प्यापासून इंदापूरपर्यंत महामार्ग रुंद करायचं काम २०११ ला सुरू झालं. माझी नोकरी सुरू झाली, संपली, ते काम चालूच होतं. रोह्याच्या मुलीने तर विचारूच नये. दिव्याची मेमू चुकली की पुढची कधी, हे गाडीच ठरवते. आणि पावसाळ्यात वडखळला अडकलेल्या एसटीत रात्री नऊ वाजता बसलेल्या मुलीच्या आईला तुम्ही करिअर म्हणजे काय ते समजावून बघा. २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीचा, तिला न्यायला आलेल्या कंपनीच्याच गाडीच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या सोबत्याने खून केला. ती बातमी ज्या आयांनी वाचली, त्या अजून विसरलेल्या नाहीत. २०१७ च्या राज्याच्या कायद्यात आहे, की बाईची संमती घ्यायची, संरक्षण द्यायचं, घरापर्यंत वाहन द्यायचं, मग रात्री काम. पण त्या गाडीची हद्द नवी मुंबईत संपते. पेण त्या हद्दीत नसतं. आणि सर, आपण ज्या मुलींबद्दल एवढं बोलतोय त्या कोण? पेणच्या डोंगरात कातकऱ्यांच्या, ठाकरांच्या वाड्या आहेत. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, शाळा मधेच सुटते. तिथली मुलगी तुमच्या व्याख्यानाला कधी पोचणार?

आग्रही : नाही पोचत. आणि तिच्यासाठी माझ्याकडे आज उत्तर नाही. वसतिगृहात टिकलेल्या दोन-तीन मुली मी पाहिल्या, त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. पण रस्ता आधी आणि वाटसरू नंतर, असा क्रम कधी असतो का? कर्व्यांनी १८९६ साली हिंगण्याच्या कामाला हात घातला, तेव्हा विधवांना शिकवून पुढे काय हाच प्रश्न त्यांनाही विचारत होते. नोकऱ्या नव्हत्या, घरं घेत नव्हती. त्याच संस्थेने १९९१ साली पुण्यात फक्त मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं आणि त्यात कॉम्प्युटरचा वर्ग आहे. मधे पंचाण्णव वर्षं गेली, आणि त्या वर्षांत रोज कुणीतरी गैरसोय सोसून गेली म्हणूनच ती वाट मळली. शिवाय आता काळ वेगळा आहे. २०२० नंतर हे काम घरातून होतं, हे साऱ्या जगाने पाहिलं. तू स्वतः रोह्यात बसून काम करतेसच की. ऐरोली जर कुंडलिकेच्या काठी येत असेल, तर वडखळला अडकायचं कशाला?

साशंक : माझ्याच घरात येऊन बघा. सकाळी साडेनऊला मीटिंग असते आणि साडेनऊलाच गॅस सिलिंडर येतो. दार मीच उघडते, कारण मी ‘घरीच’ असते. माझे मिस्टर वाईट नाहीत, सासूबाई मायेच्या आहेत. पण ते कामाला जातात आणि मी घरून काम करते, ह्या दोन वाक्यांतच सगळं आलं. तुम्ही मघाशी उंबरा म्हणालात. घरून काम म्हणजे उंबरा न ओलांडता नोकरी. ज्यांना मुळात पाठवायचं नव्हतं त्यांची सोय झाली. आणि पगाराचं म्हणाल, तर अर्धवेळ माणसाला उरलंसुरलं काम मिळतं, दुरुस्त्या, चाचण्या. पुन्हा रंगकामच, सर. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी दाखवलेली गोष्ट मला वाचताक्षणी ओळखीची वाटली : मोठे पगार त्याच कामांना असतात जिथे वेळी-अवेळी हाक मारली की माणूस हजर लागतो. मूल झालं की नवरा-बायकोतला एक जण त्या हाकेला जातो आणि दुसरा मुलाच्या. कोण कुठे जाईल ते कुणी भांडून ठरवत नाही. कायद्याने २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांची सव्वीस केली, पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कचेरीत पाळणाघर सांगितलं. चांगलंच केलं. पण त्या रजेच्या पगाराचा सगळा भार मालकावर ठेवला आणि खासगी नोकरीतल्या बापाला काहीच सांगितलं नाही. माझ्या कंपनीत रजेवरून आले तेव्हा माझा प्रोजेक्ट दुसऱ्याकडे गेला होता. कुणी अपमान केला नाही. नुसतं कुणी काही महत्त्वाचं विचारेनासं झालं. मी नोकरी सोडली असं सगळे म्हणतात. मला ते क्रियापद अजून नीट लावता येत नाही. वर्गात मुली चाळीस टक्के आणि कंपन्यांत बायका सुमारे एक तृतीयांश, आणि जसजसे वरचे मजले तसतशा आणखी कमी. गळती तुमच्या शाळेत नाही. तुम्ही मात्र बादली शाळेतच भरताय.

आग्रही : तुझा फोटो अजून शाळेच्या फलकावर आहे. ऐरोलीच्या नोकरीचं पत्र आलं त्या आठवड्यात मीच लावला. त्यानंतर आठ वर्षांत मी तुला एकदाही विचारलं नाही, की बाई, घरी किती वाजता पोचतेस. हे बोलताना मला बरं वाटत नाही. दाराशी नेऊन सोडणं एवढंच मी प्रोत्साहन समजत आलो, आणि त्यात माझं काही खर्च झालं नाही, सगळी पदरमोड तुझी. पण मला एक विचारायचं आहे आणि खरं सांग. नव्वदच्या वर मार्क मिळवून तू जवळच्या कॉलेजात आर्ट्सला गेली असतीस, तर बरं झालं असतं का?

साशंक : नाही.

आग्रही : लगेच म्हणालीस.

साशंक : कारण त्याला विचार लागत नाही. वडिलांचं ऑपरेशन माझ्या पगारातून झालं. लग्न ठरताना मी समोर बसून बोलले. आज घरातल्या जमिनीच्या कागदावर सही करायच्या आधी सगळे मला वाचायला देतात. आणि हे सगळं बाजूला ठेवलं, तरी एक राहतं. रात्री उशिरा एखादी चूक तीन दिवसांनी सापडते, प्रोग्रॅम सरळ चालतो, तेव्हा जे वाटतं ते मला दुसऱ्या कशाने मिळालं नाही. पुन्हा विचारलंत तर मी पुन्हा जाईन. म्हणून तर मला तुमचं म्हणणं खोडता येत नाही आणि पूर्ण घेताही येत नाही. त्यात आता नवी भर पडली आहे. मी ज्या कामापासून सुरुवात केली, ती पहिल्या दोन वर्षांची साधी कामं यंत्रच करायला लागलं आहे. खालची पायरीच काढून घेतली, तर आपली मुलगी चढणार कुठून? तिच्या ओळखीचा कुणी आत नसतो, इंग्रजी अडखळतं. तिला त्या दोन वर्षांचाच आधार होता.

आग्रही : मग त्याचा अर्थ, अवजार शिकवून भागणार नाही, विद्या शिकवायला हवी. पॅकेज बदलतं. प्रश्नाचे तुकडे कसे करायचे, माहिती कशी रचायची, उत्तर खरं आहे हे कसं तपासायचं, हे बदलत नाही. आणि प्रश्न आपल्या दाराशी पडलेत. पेणच्या खारभूमीत भरतीचं पाणी बांध फोडून शेतात शिरतं. बांधातली पाणी सोडायची कुठली उघाडी नादुरुस्त आहे, कुठल्या उधाणाला धोका आहे, ह्याची साधी नोंद गावाकडे नसते. १९८९ च्या जुलैत अंबेच्या पुराने जांभूळपाड्याची दैना केली. आजही नदी किती चढली हे नागोठण्याला आधी कळावं, असं एखादं साधन दहावी-बारावीच्या मुली शाळेत उभं करू शकतात. धाटावची हवा मोजता येईल. गणपतीच्या कारखान्यांची मागणी, उधारी, परदेशी पाठवणी, सगळं अजून बरंचसं वह्यांत आहे. आपल्या मुलीने साचा करायचा तर तो इथल्या मातीचा करावा. ती ऐरोलीची वाट न बघता कारागीर होईल.

साशंक : फार चांगलं आहे, आणि मी येईन शिकवायला. पण पैसे कोण देणार? उघाडीची नोंद ठेवणाऱ्या मुलीला पगार ग्रामपंचायत देईल? पुराची सूचना देणाऱ्या पोरीला लोक शाबास म्हणतील आणि पेढे देतील. तिच्याच वर्गातला मुलगा तोवर महाप्याला पगार घेत असेल. गावाच्या उपयोगाचं काम बायकांनी प्रेमाने करावं आणि पैशाचं काम पुरुषांनी, ही वाटणी आपल्याकडे पापड-मिरगुंडांपासून चालत आली आहे. कॉम्प्युटर आला म्हणून ती मोडेल असं मला दिसत नाही. तुम्ही म्हणता ते करूया, पण त्या कामाचा दर आधी ठरवा.

आग्रही : दर मला ठरवता येणार नाही. मागता मात्र येईल, आणि त्यासाठी मी पंचायत समितीत बसेन. पण हे सगळं पुढचं. माझ्यापुढे आज एक मुलगी आहे. नागोठण्याची. यंदा बारावी, गणित उत्तम, सीईटीही चांगली गेली आहे. प्रवेशाचा अर्ज भरायचे चार दिवस उरलेत. बाप म्हणतो, ‘सर, शिकवतो. पण रात्री किती वाजता घरी येईल तेवढं सांगा.’ मी काय सांगू?

साशंक : ‘लवकर येईल’ म्हणू नका. मला तसंच सांगितलं होतं माझ्या घरी.

आग्रही : मग तू येशील तिच्याशी बोलायला? ह्या रविवारी?

साशंक : येते. पण तिच्याशी काय बोलू, तिला तर जायचंच आहे. तिला भाऊ आहे ना? त्याला बोलवा. वडिलांना बोलवा. अर्ज तिचा असला, तरी रविवारी तेही असू देत. तिला स्टेशनवर घ्यायला कोण येणार, आई आजारी पडली तर रजा कोण काढणार, घरात लॅपटॉप एकच आला तर तो रात्री कुणाकडे, हे त्यांच्यासमोर विचारायचंय मला.

आग्रही : मुलींसाठी मार्गदर्शन म्हटलं की मुली येतात, त्यांच्या आया येतात. भावांना मी कधी बोलावलेलं नाही. येतील का, कुणास ठाऊक.

साशंक : नाही आले, तर तेही तिला अर्ज भरायच्या आधी कळेल.

आग्रही : आणि ते कळल्यावर तिने अर्ज भरलाच नाही तर?